‘वगैरे’ न मानणारा माणूस

फेब्रुवारी १९६२. मॉस्कोच्या शहर न्यायालयात कुझनेत्सोव्ह, ओसिपोव्ह आणि बोक्श्तेइन या तीन तरुणांवरचा खटला संपत आला होता. मायकोव्स्की चौकात, कवीच्या पुतळ्यापाशी जमून कविता वाचणाऱ्या मंडळींपैकी हे तिघं. ठपका सोव्हिएतविरोधी प्रचाराचा. खटला बंद दाराआड चालला होता आणि मित्र बाहेर ताटकळत होते, कारण बंद म्हणजे बंद, हे तिथे लहान पोरालाही ठाऊक होतं. तेवढ्यात सदतीस वर्षांचा एक गणितज्ञ हातात कायद्याचं पुस्तक घेऊन दाराशी गेला आणि पहारेकऱ्यांना सांगू लागला: खटला बंद असला तरी निकाल जाहीरच वाचला पाहिजे, असं इथे छापलंय, तेव्हा आम्हाला आत सोडा. पहारेकऱ्यांनी दार उघडलं.

तिथे हजर असलेल्या व्लादिमीर बुकोव्स्की यांनी पुढे आत्मकथनात हा प्रसंग लिहिला. जादूची कांडी फिरवावी तसं ते पुस्तक फिरवणारा हा माणूस त्यांना तेव्हा विनोदी वाटला होता. आपली नागरी हक्कांची चळवळ त्या दारापाशी सुरू झाली, हे त्यांना फार नंतर उमगलं.

त्या गणितज्ञाचं नाव अलेक्झांडर येसेनिन-व्होल्पिन. सर्गेई येसेनिन या रशियाच्या लाडक्या कवीचे ते चिरंजीव. वडिलांनी डिसेंबर १९२५ मध्ये आयुष्य संपवलं तेव्हा ते दीड वर्षाचे होते. आई नादेझ्दा व्होल्पिन स्वतः कविता लिहायच्या, अनुवाद करायच्या. मुलानेही कविता केल्या, पण आयुष्य वाहिलं ते गणिती तर्कशास्त्राला. आपल्याकडे तर्कशास्त्र म्हटलं की कोरडा, माणसांत न मिसळणारा, चुका काढत बसणारा विद्वान डोळ्यांपुढे येतो. मी गेली बरीच वर्षं कॉलेजात हा विषय शिकवतो, त्यामुळे ही समजूत मला चांगली परिचयाची आहे. ती किती चुकीची आहे हे सांगायला मला व्होल्पिन यांच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा सापडत नाही. शिवाय त्यांच्या आयुष्याने एक प्रश्न उभा केला आहे, जो आपल्यालाही टाळता येणार नाही. सत्ता आपला लेखी शब्द गांभीर्याने घेत नाही हे दिसत असताना नागरिकाने तो गांभीर्याने घ्यावा का? की तसं करणं म्हणजे भाबडेपणा?

माझं उत्तर स्पष्ट आहे: घ्यावा, अक्षरशः घ्यावा. पण हे उत्तर स्वस्तात मिळत नाही, आणि त्याची किंमत न सांगता ते देणं अप्रामाणिकपणाचं होईल.

व्होल्पिन यांनी १९४६ मध्ये मॉस्को विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली आणि १९४९ मध्ये टोपॉलॉजी या गणिताच्या शाखेत प्रबंध पूर्ण केला. त्या काळातला त्यांचा एक प्रमेय आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. नोकरीसाठी ते युक्रेनमधल्या चेर्नोव्त्सी इथे गेले आणि त्याच वर्षी त्यांना अटक झाली. गुन्हा काय, तर मित्रांच्या बैठकीत स्वतःच्या कविता वाचल्या. खटला भरण्याऐवजी त्यांना लेनिनग्राडच्या मनोरुग्णालयात टाकलं आणि मग ‘समाजाला धोकादायक’ असा शिक्का मारून पाच वर्षांसाठी कझाकस्तानातल्या कारागांडाला हद्दपार केलं. १९५३ मध्ये स्टालिन गेल्यावर माफी मिळाली, म्हणून ते लवकर परतले. मनोरुग्णालयाची वारी मात्र पुढे पुन्हा पुन्हा घडत राहिली. वेडा ठरवलेल्या माणसावर खटला भरावा लागत नाही, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागत नाही आणि त्याला उत्तरही द्यावं लागत नाही. तर्काने बोलणाऱ्याला गप्प करायला याहून सोयीचा मार्ग राज्यकर्त्यांना सापडला नसता.

आता त्यांच्या तर्कशास्त्राकडे वळतो. तिथे थोडं रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते त्यांची नीती तिथूनच उगवली.

शाळेत आपण शिकतो: १, २, ३, ४, वगैरे. त्या ‘वगैरे’त सगळं गणित सामावलेलं आहे. एक संख्या आहे, कोणत्याही संख्येत एक मिळवला की पुढची संख्या मिळते, म्हणून अशा संख्या अगणित आहेत. कॉलेजात ज्याला आपण इंडक्शन म्हणतो ते गणिती विगमन याच पायावर उभं आहे. बहुतेकांना यात शंका घेण्यासारखं काही दिसत नाही. व्होल्पिन यांना दिसलं. ते विचारत: तुम्ही खरोखर तिथपर्यंत जाऊ शकता का? दहाचा बारावा घात घ्या, म्हणजे एकावर बारा शून्यं. सेकंदाला एक आकडा या वेगाने मोजत गेलात तर तिथे पोहोचायला एकतीस हजारांहून अधिक वर्षं लागतील. मग ज्या संख्येपर्यंत माणूस खरोखर मोजत जाऊ शकतो तिला ‘गाठता येणारी’ म्हणू. शून्य गाठता येतं. एखादी संख्या गाठता येत असेल तर तिच्या पुढचीही गाठता येते, यात वाद नाही. तरीही दहाचा बारावा घात गाठता येत नाही. प्रत्येक पाऊल खरं, आणि शेवटी पोहोचलो ते ठिकाण खोटं.

याला ते आयुष्यातला दाखला देत. बालपणातल्या हृदयाच्या ठोक्यांचा विचार करा. पहिला ठोका बालपणातला. एखादा ठोका बालपणातला असेल तर त्याच्या लगेच पुढचाही बालपणातलाच, कारण एका ठोक्याने कुणी मोठं होत नाही. तरी बालपण संपतंच. मग ‘वगैरे’ म्हणून आपण जो पूल बांधला तो कुठे कोसळला?

या भूमिकेला त्यांनी अति-अंतःप्रज्ञावाद असं नाव दिलं. १९५९ मध्ये वॉर्सा इथल्या परिसंवादासाठी त्यांनी त्यावर लिहिलेला निबंध १९६१ मध्ये छापून आला. गणिताच्या पायाबद्दल आधीच शंका घेणारे डच गणितज्ञ ब्राउअर यांच्यासारखे लोक होते, पण अनंताबद्दल शंका घेणं वेगळं आणि मोठ्या पण सान्त, म्हणजे कुठेतरी संपणाऱ्या, संख्येबद्दल शंका घेणं वेगळं. व्होल्पिन त्या दुसऱ्या टोकाला गेले.

अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हार्वी फ्रीडमन यांनी त्यांच्याबद्दल एक आठवण सांगितली आहे. दोनाच्या घातांची माळ घेऊन फ्रीडमन यांनी त्यांना विचारलं की ही संख्या खरी आहे का. दोनाचा पहिला घात? व्होल्पिन लगेच हो म्हणाले. दुसरा घात? हो म्हणाले, पण किंचित थांबून. तिसरा? हो, पण आणखी थोड्या वेळाने. असं आणखी दोनतीनदा झाल्यावर फ्रीडमन यांच्या लक्षात आलं की हा माणूस उत्तर नाकारणारच नाही. दोनाच्या शंभराव्या घातालाही तो हो म्हणेल, फक्त ते म्हणायला दोनाच्या शंभराव्या घाताइतका वेळ घेईल. ही संख्या एकतीस अंकी आहे. मी हा किस्सा दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो. मुलं आधी हसतात आणि मग हळूहळू गप्प होतात, कारण त्यातला प्रामाणिकपणा त्यांना जाणवतो. ‘हो’ म्हणायचं तर त्या ‘हो’ची पूर्ण किंमत मोजूनच म्हणायचं.

व्होल्पिन यांचा गणिती कार्यक्रम बहुसंख्य गणितज्ञांनी स्वीकारला नाही, हेही सांगायला हवं. त्यांचे सर्वात मोठे दावे मान्य झाले नाहीत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आजही जिवंत आहे आणि संगणकाच्या जगात तर त्याला नवी धार आली आहे: करता येईल असं नुसतं म्हणणं आणि खरोखर करता येणं यांत किती अंतर असतं? या वैचारिक धाडसाइतकंच त्यांचं साधं, मुकाट काम मला मोलाचं वाटतं. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ क्लीनी यांचा मेटामॅथेमॅटिक्सवरचा, म्हणजे गणिताच्या पायाच्या अभ्यासावरचा, मोठा ग्रंथ १९५७ मध्ये त्यांच्यामुळे रशियनमध्ये आला आणि संचशास्त्रावरचं कोहेन यांचं पुस्तक १९६९ मध्ये. आपल्याकडच्या गणितवेड्यांच्या एका पिढीने ज्या ‘मीर’ प्रकाशनाची स्वस्त पुस्तकं वाचली, त्याच मीरने कोहेन यांचं ते भाषांतर काढलं होतं. आपल्या हातातली ती पुस्तकं ज्या देशातून येत होती, तिथे त्याच कारखान्याचा एक अनुवादक कलमं वाचून दाखवतो म्हणून वेडा ठरवला जात होता. ती पुस्तकं मीही प्रेमाने वाचली आहेत, म्हणून हे मला जास्त लागतं.

‘वगैरे’ न मानण्याच्या या सवयीचा राज्यघटनेशी संबंध काय? मला वाटतं, सरळ संबंध आहे.

सोव्हिएत समाजातही एक ‘वगैरे’ सर्वांनी गिळलेला होता. १९३६ च्या घटनेच्या १२५ व्या कलमात भाषण, मुद्रण, सभा आणि मिरवणुकांचं स्वातंत्र्य लिहिलेलं होतं. १११ व्या कलमात न्यायालयाचं कामकाज उघड चालेल असं लिहिलेलं होतं, अपवाद फक्त कायद्याने सांगितलेले. आणि हे सगळं खरं नसतं, हे सर्वांना माहीत होतं. सत्ताधाऱ्यांना माहीत होतं, विरोधकांना माहीत होतं, गल्लीतल्या म्हातारीलाही माहीत होतं. विरोधक म्हणत, घटना हा देखावा आहे, तिच्याकडे बघणंही मूर्खपणा. सत्ताधाऱ्यांना हे मत सोयीचंच होतं. ज्या शब्दावर कुणाचाच विश्वास नाही, तो पाळला नाही म्हणून विचारायला येणार कोण? दोन्ही बाजूंचा हा न बोललेला समझोता व्होल्पिन यांनी मोडला. ते म्हणत, मला तुमच्या मनातलं माहीत नाही. तुम्ही काय लिहिलंत ते मला वाचता येतं.

सप्टेंबर १९६५ मध्ये आंद्रेई सिन्याव्स्की आणि यूली डॅनियल या लेखकांना अटक झाली. टोपणनावाने परदेशात कथा छापल्या हा त्यांचा अपराध. खटला बंद दाराआड होणार अशी सगळ्यांचीच अटकळ होती. व्होल्पिन यांनी एक ‘नागरी आवाहन’ लिहिलं. ५ डिसेंबरला, म्हणजे सोव्हिएत घटनादिनी, संध्याकाळी सहा वाजता पुश्किन चौकात जमायचं आणि एकच मागणी करायची: हा खटला उघड चालवा. लेखकांना सोडा, अशीदेखील मागणी त्यात नव्हती. कायदा पाळा, यापलीकडे जाणारी एकही घोषणा द्यायची नाही, आणि पोलिसांनी पांगायला सांगितलं की पांगायचं. मागणी इतकी छोटी करायची की तिला नाही म्हणणाऱ्याला आपल्याच घटनेला नाही म्हणावं लागेल.

या मागणीसाठी त्यांनी वापरलेला शब्द होता ‘ग्लासनोस्त’. त्याच्या मुळाशी आवाज असा अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकापासून रशियन न्यायव्यवस्थेत उघड कामकाजासाठी तो रुळलेला होता. वीस वर्षांनी गोर्बाचोव्ह यांनी तोच शब्द उचलला आणि तो जगभर गेला, आपल्या मराठी वर्तमानपत्रांतही आला. पण चौकात उभं राहून तो मागणारे लोक त्याआधी होऊन गेले होते, हे आपल्याला फारसं कुणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी किती लोक जमले याचे आकडे पन्नासपासून दोनशेपर्यंत सांगितले जातात. ‘सोव्हिएत राज्यघटनेचा आदर करा’ असा फलक उघडला आणि काही मिनिटांत तो हिसकावून घेतला गेला. वीसेक जणांना धरून नेलं आणि काही तासांनी सोडलं. हा झाला वरवरचा हिशेब. खरी किंमत इतरांनी मोजली. बुकोव्स्की यांना आवाहन वाटल्याबद्दल तीन दिवस आधीच उचलून मनोरुग्णालयात टाकलं, तिथे त्यांचे अनेक महिने गेले. कितीतरी विद्यार्थ्यांची नावं विद्यापीठातून कमी झाली. वीस वर्षांच्या मुलाचं शिक्षण असं तुटणं ही लहान गोष्ट नाही. व्होल्पिन यांचं कौतुक करताना ही मुलं विसरणं मला मान्य नाही.

आणि मिळालं काय? फेब्रुवारी १९६६ मध्ये खटला झाला. तो उघड आहे असं जाहीर करावं लागलं, पण आत जायला पास लागत होता आणि परदेशी पत्रकारांना बाहेर ठेवलं होतं. सिन्याव्स्की यांना सात वर्षं, डॅनियल यांना पाच वर्षं सक्तमजुरीची छावणी. म्हणजे हार झाली, असं कुणी म्हणेल. पण नावापुरत्या उघड्या त्या दारातून दोघांच्या बायका आत बसल्या, त्यांनी टिपणं घेतली, त्या टिपणांतून खटल्याचा वृत्तांत तयार झाला आणि हातोहात फिरला. आरोपीने गुन्हा कबूल न करता न्यायाधीशांसमोर साहित्याची बाजू मांडली, हे देशाला कळलं ते त्या फटीतून.

आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या युक्तिवादाचा सगळा भार मी तिच्यावर ठेवतो. सप्टेंबर १९६६ मध्ये रशियाच्या दंडसंहितेत नवी कलमं घालण्यात आली. एक सोव्हिएत व्यवस्थेची बदनामी करणारा खोटा मजकूर पसरवण्याबद्दल, दुसरं सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवणाऱ्या सामूहिक कृतींबद्दल. कायदा हा नुसता देखावा असता तर त्यात भर घालायची गरज काय होती? लोक कायदा वाचू लागले, म्हणून सत्तेला तो पुन्हा लिहावा लागला. जे काम पूर्वी नुसत्या दहशतीने भागत होतं, त्यासाठी आता शब्द शोधावे लागले, आणि शब्द एकदा लिहिला की तोही कुणीतरी वाचणारच.

यावरचा सर्वात गंभीर आक्षेप मला टाळायचा नाही. कायदाच अन्यायी असेल तर? अक्षरशः वाचून तुम्ही त्याला मान देत नाही का? आक्षेप खरा आहे. वर सांगितलेल्या नव्या कलमांनी पुढे अनेकांना तुरुंगात धाडलं, आणि त्याविरुद्ध जानेवारी १९६७ मध्ये निदर्शनं केली म्हणून बुकोव्स्की यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. कलम कितीही बारकाईने वाचलं तरी वाईट कलमाचं चांगलं कलम होत नाही. अक्षरशः वाचण्याने न्याय मिळेल असं माझं म्हणणं नाहीच. माझं म्हणणं त्याहून लहान आहे: अन्याय नेमका कुठे आहे, हे त्याशिवाय दाखवता येत नाही. सगळंच खोटं आहे असं म्हणणाऱ्याला कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं हे कळत नाही. व्होल्पिन यांचं बोट नेहमी एका विशिष्ट ओळीवर असायचं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे मुळात परकं वाटू नये. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. त्या पाण्याला कुणी हात लावणार नाही, हेही सर्वांना माहीत होतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि तो ठराव खरा आहे असं धरून पाणी प्याले. महाडचा अर्थ याहून कितीतरी मोठा आहे, तो माणुसकीच्या हक्काचा आहे आणि तिथे सोसलेला मार मॉस्कोतल्या कुठल्याही संध्याकाळपेक्षा जास्त होता. तरी त्यातला एक धागा मला इथे ओळखीचा दिसतो. ज्यांनी ठराव लिहिला त्यांनाही तो इतका खरा वाटला नव्हता, जितका तो पाणी पिणाऱ्यांना वाटला. न्यायालयातला वाद पुढे १९३७ पर्यंत चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

आपण मात्र आज लेखी शब्दाकडे कसे बघतो? मागे एका सरकारी कचेरीत मी एका दाखल्यासाठी गेलो होतो. भिंतीवर लोकसेवा हक्क कायद्याचा फलक होता: कोणती सेवा, किती दिवसांत, शुल्क किती, अपील कुणाकडे. फलकावरचे दिवस केव्हाच उलटून गेले होते. मी तिकडे बोट दाखवलं तेव्हा टेबलापलीकडचे गृहस्थ अगदी सौजन्याने म्हणाले, “अहो, तो लावायचा असतो म्हणून लावलाय.” रांगेतली माणसं समजूतदारपणे हसली. त्या हसण्याने मी जास्त अस्वस्थ झालो. गृहस्थांचं वाक्य मी समजू शकतो, त्यांच्यावर कामाचा बोजा असेल. पण रांगेने, म्हणजे आम्हीच, आधीच मान्य करून टाकलं होतं की भिंतीवरची अक्षरं आमच्यासाठी नाहीत. २०१५ चा तो कायदा आपल्या विधिमंडळाने केलेला आहे, आपला आहे. मी पहिलं अपील केलं. दाखला मिळाला. त्यात शौर्य काही नव्हतं, फक्त एक कागद वाचावा लागला.

मॉस्को आणि आपली कचेरी यांची बरोबरी मी करत नाही. इथे अपील केलं म्हणून कुणी मनोरुग्णालयात नेत नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. म्हणून तर आपली उदासीनता मला कमी क्षम्य वाटते.

कुणी म्हणेल, अक्षरावर बोट ठेवणं हे तर बाबूंचंच हत्यार आहे. ‘नियमात बसत नाही’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो. पण ते वाक्य ऐकवणारा नियम दाखवतो का? बहुधा नाही. ‘नियमात बसत नाही’ हाही एक ‘वगैरे’च आहे, न मोजता मारलेली उडी. व्होल्पिन यांनी तिथेही विचारलं असतं: कुठल्या नियमात, कितव्या ओळीत?

त्यांच्या मूल्यांच्या गाभ्याशी खोटं न बोलण्याचा निश्चय होता, आणि तो नुसता सद्गुण म्हणून नव्हे. खोटं बोलणं म्हणजे भाषेचं साधनच बोथट करणं, मग विचार करायचा कशाने? १९५९ मध्ये त्यांनी एका दिवसात एक छोटा तत्त्वचिंतनपर निबंध लिहिला आणि तो परदेशी पाठवला. १९६१ मध्ये न्यूयॉर्कला तो त्यांच्या कवितांसोबत छापला गेला, स्वतःच्या नावाने. त्याच्या शेवटाचा आशय असा: रशियात मुद्रणस्वातंत्र्य नाही, पण विचारस्वातंत्र्य नाही असं कोण म्हणेल? टोपणनाव न घेणं हाही त्या निश्चयाचाच भाग होता.

पण खोटं बोलायचं नाही म्हणजे विचारलं ते सगळं सांगायचं, असा त्यांचा अर्थ नव्हता, आणि इथे तर्कशास्त्रज्ञ कामाला आला. १९६८ च्या सुमारास त्यांनी चौकशीला बोलावल्या जाणाऱ्यांसाठी एक टिपण तयार केलं, ते टंकलिखित प्रतींतून फिरत राहिलं. मला कोणत्या प्रकरणात, कोणत्या नात्याने बोलावलंय? हा प्रश्न त्या प्रकरणाशी कसा संबंधित आहे? तुमचा प्रश्न आधी नोंदवा, मग मी उत्तर देईन. साक्षीदाराला खोटं बोलावं लागत नाही, कारण गप्प राहण्याची आणि विचारण्याची जागा कायद्यानेच ठेवलेली असते. भित्र्या, प्रामाणिक, साध्या माणसांना हे टिपण उपयोगी पडलं. कुणाला हुतात्मा व्हायला न सांगता ताठ बसायला शिकवणं, ही मला त्यांची सर्वात मोठी देणगी वाटते. संख्यांबद्दलच्या शंकेपेक्षाही मोठी.

फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांना पुन्हा जबरदस्तीने मनोरुग्णालयात नेलं. या वेळी गणितज्ञ गप्प बसले नाहीत. जवळपास शंभर जणांनी त्यांच्या सुटकेसाठी पत्रावर सह्या केल्या. त्यांत गेल्फांड, शाफारेविच, मार्कोव्ह, अर्नोल्ड, मानिन अशी नावं होती, म्हणजे त्या शतकातल्या गणिताचं निम्मं वैभवच म्हणा. सह्या करणाऱ्यांतले अनेक जण व्होल्पिन यांचं गणित मानत नव्हते. तो प्रश्नच नव्हता. काही महिन्यांत ते सुटले. सह्या करणाऱ्यांना त्याचा हिशेब चुकवावा लागला: कुणाचा परदेशप्रवास बंद झाला, तर क्रोन्रोद यांच्यासारख्या गणितज्ञांना आपली संस्था सोडावी लागली. मॉस्कोच्या गणितविश्वाचं मोकळेपण त्या वर्षी ओसरलं, असं तिथले लोक सांगतात.

इथे मी थोडा अडखळतो. एका माणसाच्या सुटकेसाठी एका अख्ख्या विद्याशाखेने इतकं गमावावं का? याचं गणित मला मांडता येत नाही आणि मांडूही नये असं वाटतं. इतकंच कळतं की ते पत्र गेलं नसतं, तर त्या माणसांना पुढे प्रमेय सिद्ध करताना ‘म्हणून’ हा शब्द लिहिणं जड गेलं असतं.

१९७० मध्ये चालिद्झे, सखारोव्ह आणि त्वेर्दोख्लेबोव्ह या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी मानवी हक्क समिती काढली तेव्हा व्होल्पिन तिचे सल्लागार होते. १९७२ मध्ये त्यांनी देश सोडला, बोस्टनमध्ये राहिले, तिथल्या विद्यापीठात काम केलं. अमेरिकेत ते फारसे गाजले नाहीत. १६ मार्च २०१६ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, ते गेले.

मला मात्र त्यांची आठवण पुश्किन चौकातच येते. पहिल्या निदर्शनानंतर लोक दरवर्षी ५ डिसेंबरला तिथे जमू लागले. १९६६ मध्ये सखारोव्हही गेले, सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बच्या जनकांपैकी एक, देशाने डोक्यावर घेतलेला शास्त्रज्ञ. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. सहा वाजले की लोक डोक्यावरची टोपी काढत आणि त्या थंडीत काही मिनिटं गप्प उभे राहत. टोपी काढायला बंदी करणारं कलम दंडसंहितेत कुठेच नव्हतं.